फक्त ४८ वं प्रकरण बघून चालणार नाही

चीनच्या कागद-आयातीच्या एका आलेखावरून कुणी निष्कर्ष काढलाय की २०१८ नंतर चीनची कागद-आयात वाढली, म्हणजे तिथल्या गिरण्या भारतापेक्षा मागे पडल्या. वाढ खरी आहे, कारण चुकतंय. आलेखात कस्टम्सच्या माल-वर्गीकरणातलं फक्त ४८ वं प्रकरण आहे, म्हणजे तयार कागद नि पुठ्ठा. रद्दी, म्हणजे कागदाचा कच्चा माल, लगद्याबरोबर ४७ मध्ये मोडते, आणि खरी गंमत तिथेच आहे. २०१७ पर्यंत चीन वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास रद्दी बाहेरून घेत असे. २०१८ मध्ये मिश्र रद्दीवर बंदी आली, बाकीच्या रद्दीत भेसळ ०.५ टक्क्याच्या आत हवी असा नियम झाला, आणि १ जानेवारी २०२१ पासून दारच बंद. मग तिथे लगदा आणि तयार क्राफ्ट (खोक्यांचा जाड तपकिरी कागद) बाहेरून मागवणं आलंच.

ती रद्दी काही आग्नेय आशियात गेली, काही आपल्याकडे. मी तेव्हा वापीला एका क्राफ्ट गिरणीत होतो. गासडीची तार तोडली की अमेरिकन खोकी, मधोमध ओल, प्लास्टिक, एकदा तर लहान मुलाचा बूट! त्याच रद्दीचे रोल पुढे चीनला जायचे, आणि इथले खोकीवाले कागद महागला म्हणून बोंब मारायचे.