एसएफटीपी: लॉगिन होताच कनेक्शन तुटतं

प्रश्न: एसएफटीपीने (सुरक्षितपणे फाइली पाठवायची पद्धत) वेब सर्व्हरवर फाइली चढवायला वेगळा युजर केला. क्रूटडिरेक्टरी (ज्या फोल्डरबाहेर युजरला जाता येत नाही) म्हणून थेट साइटचा फोल्डर दिलाय. पासवर्ड चालतो, पण लगेच कनेक्शन तुटतं. काय चुकतंय?

उत्तर: मालकी. तो फोल्डर आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीचे हवेत. ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नको, म्हणजे ७५५ (मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचणं आणि आत जाणं). नाहीतर एसएसएचडी (लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) सरळ हाकलतो, ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) तक्रार दिसेल. आत उपफोल्डर करून तो युजरच्या नावे करा, साइटचा पाथही तिकडे वळवा. ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) नकोच, त्याने तर हमखास तुटेल.

उत्तर: फोर्सकमांड या सेटिंगला इंटर्नल-एसएफटीपी (एसएसएचडीमधलाच एसएफटीपी) द्या, बाहेरचा प्रोग्राम क्रूटच्या आत सापडत नाही. मॅच ब्लॉक (फक्त या युजरला लागू होणाऱ्या ओळी) कॉन्फिगच्या शेवटी ठेवा, कारण त्याखालच्या ओळीही त्याच ब्लॉकमध्ये धरल्या जातात. रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’ (sshd -t) चालवून कॉन्फिग तपासा. आणि चालू सेशन बंद करू नका, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल!

प्रश्नकर्ता: जमलं. पण चढवलेल्या फाइलींवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) ४०३ (प्रवेश नाकारला) देतोय.

उत्तर: उपफोल्डरला वेब सर्व्हरचा ग्रुप आणि २७५० परवानगी द्या. सेटजीआयडीमुळे (२७५० मधला २) नव्या फाइलींना तोच ग्रुप मिळतो. इंटर्नल-एसएफटीपीपुढे ‘-यू ०२७’ (-u 027) लिहा, म्हणजे नव्या फाइली ग्रुपला वाचता येतील, इतरांना नाही. आधीच्या फाइलींचा ग्रुप मात्र हातानेच बदलावा लागेल.