‘व्हिटॅमिन ए’वाली केळी खरंच आली आहेत का?

घणसोलीची सेविका
मी अंगणवाडी सेविका. आमच्याकडच्या एका मुलाच्या आईने स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून दीडपट भावाने केळी आणली. गाडीवाला म्हणे, ‘फॉरेनच्या शास्त्रज्ञांनी बनवलीत, डोळ्यांसाठी.’ आता ती अडून बसलीय, पोराला व्हिटॅमिन एचा डोस नको, मी केळीच देईन. अशी केळी असतात का? आणि तिला समजवायचं कसं?

कळव्याचे काका
ताई, आधी डोस. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, हे तुम्हाला मी काय सांगणार!
केळीची गोष्ट मात्र अगदीच थाप नाही. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने पापुआ न्यू गिनीच्या ‘असुपिना’ नावाच्या केळीतलं जनुक कॅव्हेंडिश जातीत घातलं. २०१७ साली त्यांनी निकाल छापले. ग्रॅमभर सुक्या गरात २० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन (त्यापासूनच शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) हवं होतं, ५५ पर्यंत मिळालं. पण हा सगळा खटाटोप युगांडासाठी. तिथे हिरवी केळी शिजवून जेवण म्हणूनच खातात, आपल्या भातासारखी. खायच्या केळीत बी धरत नाही, म्हणून साधा संकर फार अवघड आणि जनुकाची वाट धरावी लागली. आपल्याकडे बीटी कापूस सोडला तर कुठल्याच जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, पिकाची व्यापारी लागवड नाही. मग ही केळी गाडीवर येणार कुठून?

एपीएमसीतला
मी वाशीला गाळ्यावर असतो. ती जळगाव-सोलापूरकडची आपली नेहमीची जी-नाईन जातीचीच असणार. रायपनिंग चेंबरमध्ये नीट पिकली की साल अशी एकसारखी पिवळीजर्द होते. सालीवरून आतलं व्हिटॅमिन ओळखता येत नाही. गर केशरीकडे झुकला तर विचार करायचा.

वसईची लेक, आता ठाण्यात
गर पिवळा-केशरी हवा तर केरळी दुकानातली नेंद्रन घ्या. तिच्यात साध्या केळीपेक्षा कॅरोटिन बरंच जास्त. तिकडे तान्ह्या बाळांना तिच्याच पिठाची खीर देतात. आमच्याकडची राजेळीही त्याच वळणाची, पण सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी, पोराला औषध म्हणून देऊ नका हं, उन्हात कॅरोटिन बरंच उडतं. (आणि आजकालचे सुकेळीचे भाव!)

घणसोलीची सेविका
म्हणजे जादा पैसे पाण्यात. तिच्या चाळीमागे शेवगा आहे, त्याचा पाला वरणात घाल म्हणून सांगते. आंबा-पपई चालेल ना?

कळव्याचे काका
चालेल काय, धावेल. १०० ग्रॅम आंब्यातून साधारण ५० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए मिळतं, साध्या केळ्यातून जेमतेम ३. पाल्याला तेलाची फोडणी द्यायला सांगा, स्निग्धाशिवाय कॅरोटिन अंगी लागत नाही.

घणसोलीची सेविका
आमरसात तूप घालतात ते यासाठीच का हो?

कळव्याचे काका
घालणाऱ्यांना कॅरोटिन कुठलं ठाऊक! पण काम तेच होतं. पोराला चमचाभर पुरे.