मदत हवी आहे: राउटरचा लाल दिवा आणि कस्टमर केअर

नमस्कार मंडळी, देवगडला राहतो. पाच दिवसांपूर्वीच्या वादळात फणसाची फांदी तुटून फायबरच्या वायरीवर पडली, तेव्हापासून राउटरवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय. एलओएस म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नाहीये एवढं मलापण कळतं, पण कस्टमर केअरवाली ताई रोज तेच, "सर, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा". अहो वायर गडग्यावर लोंबतेय, फोटो पाठवला, तरी बंद-चालू! पाच दिवसांत तीनदा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज, माणूस एकदाही फिरकला नाही. काल तर पाऊण तास होल्डवर ठेवून फोनच कट केला.

मोबाईलची रेंज बघायला आंब्याच्या कलमापर्यंत जावं लागतं, ते पण भर पावसात छत्री धरून. बायको म्हणते तिथेच खुर्ची टाका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर कोणी इंटरनेटची तक्रार केलीय का? काही हललं का? आणि वायर जोडणारा कोणी खासगी माणूस देवगड-जामसंडे बाजूला असेल तर सांगा, की कंपनीची वायर आपण हात लावायचीच नाही?