मदत हवी आहे: टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) आत्ताच करावं का?

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, मिळून चौदा महिने झाले. 200 तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, क्लास वन मेडिकल, सगळं पार पडलंय. नोकरीचा मात्र पत्ता नाही.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, तेव्हापासून ताईला जो तो विचारतो, "वैमानिक कमी आहेत म्हणे, मग तुमचा मुलगा घरी कसा?" आता काय सांगणार! नव्या नियमांनी वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, त्यामुळे माणसं अपुरी पडली हे खरं. पण माझ्या समजुतीप्रमाणे खरी चणचण कॅप्टनची आहे. कॅप्टनला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा वरचा परवाना लागतो, आणि त्यासाठी किमान 1500 तासांचं उड्डाण. आणि ते तास नोकरीशिवाय भरायचे कुठे?

आता तो म्हणतो, एअरबस ए320 या विमानाचं टाइप रेटिंग स्वखर्चाने करतो. आधीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. मला 2019 आठवतं: जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तासांचा अनुभव असलेले लोक एकदम बाजारात आले. नवख्यांना कोण विचारणार होतं?

या क्षेत्रातल्या कुणी सांगाल का, रेटिंग असलेल्या नवख्याला खरंच आधी बोलावतात का? की कंपनीच्या भरतीची वाट पाहून तिथूनच रेटिंग करणं बरं? आणि मधल्या काळात इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊन शिकवलं, तर ते तास एअरलाइन धरते का?