आई-बाबांना पहिल्यांदा मुंबई दाखवायची आहे, तीन दिवसांत काय बघावं?

बालाघाटी
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबईला येतोय. लातूर एक्सप्रेसनं रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, मंगळवारी रात्रीच्या गाडीनं परत. मुक्काम गिरगावात मावसभावाकडे.

बाबा ७१ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढून किनाऱ्याला निळा खडू फिरवायचे, पण समुद्र स्वतः कधी पाहिला नाही. आईनंही नाही. तिचे गुडघे दुखतात, दहा-पंधरा पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं.

मी केलेली यादी अशी: गेटवे, घारापुरी (सोमवारी), राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, मरीन ड्राइव्ह, कान्हेरी, फिल्मसिटी, सी लिंक, जुहू. यातलं काय ठेवू, काय काढू? मनापासून सांगा.

ठाकुरद्वार
पहिलं काम, घारापुरी सोमवारी ठेवू नका. सोमवारी लेणी बंद असतात. मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. ज्यानं लाँचची तिकिटं दिली तो अवाक्षरानं बोलला नाही. तासभर पाण्यातून जाऊन, पायऱ्या चढून, कुलूप बघून परतलो. सासऱ्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मंगळवारी जा, नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लाँचांपैकी एक पकडा.

राणीची बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे तुमच्या तीन दिवसांत ती कधीही चालेल.

गोदीपुत्र
बालाघाटी, यादी खूप लांब आहे. फिल्मसिटी, कान्हेरी आणि जुहू सरळ काढा. एकट्या कान्हेरीत दिवस जातो आणि आईंचे गुडघेही.

माझे वडील गोदी कामगार होते, इंदिरा गोदीत क्रेनवर. दुसरी पाळी संपवून आले की कपड्यांना तेलाचा आणि गोणपाटाचा वास यायचा. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे. म्हणायचे, मुंबई जमिनीवरून कळत नाही, लाँचमधून बघा. तुमच्या बाबांना नेमकी हीच मुंबई दाखवा असं मला कळकळीनं वाटतं. ही सात बेटं जोडून शहर उभं राहिलं ते पूर्वेच्या या शांत, खोल पाण्यामुळे. मरीन ड्राइव्ह पाठीमागच्या, पश्चिमेच्या बाजूला आहे. पर्यटक तिकडचा समुद्र बघून परततात आणि बंदर बघायचंच राहून जातं.

रविवारी फोर्ट करा. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, इमारती नीट दिसतात. तुम्ही जिथे उतरणार ते बोरीबंदरच. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथूनच ठाण्याला गेली. आताची इमारत नंतरची, १८८७ ची. घाईनं टॅक्सीकडे धावू नका, सामान मावसभावाकडे देऊन रस्त्यापलीकडे उभे राहा आणि वर बघा. तिथून हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. बाबांनी हा धडा वर्गात किती वेळा घेतला असेल. त्यांना तिथे निवांत उभं राहू द्या, फोटोची घाई करू नका.

मग गेटवे. कमान १९२४ मध्ये पुरी झाली आणि अवघ्या चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ ला, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. बाबांना हे ठाऊक असेलच, पण त्या फरशीवर उभं राहून आठवणं वेगळं.

सोमवारी राणीची बाग, पण आधी तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय (उघडं आहे ना, ते निघण्यापूर्वी बघा). १८७२ मध्ये सुरू झालेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आत होड्यांचे, गलबतांचे छोटे नमुने आहेत, जुने नकाशे आहेत. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो चुकवू नका. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. पुढे ते तुकडे इथे आणून सांधले. नीट पाहिलंत तर सांधे दिसतात. सोमवारी हत्ती बघा, मंगळवारी त्याचं बेट.

भायखळ्यालाच अग्निशमन दलाचं स्मारक आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र होता, आग लागली आणि स्फोट झाला. ६६ जवान गेले. पुढे गाळ उपसताना जहाजावरच्या सोन्याच्या विटा मिळाल्या. आमच्या चाळीत म्हातारी माणसं ‘गोदी उडाली त्या साली’ अशी लग्नं-बारशी मोजायची.

उरणकरीण
गोदीपुत्र, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. मी लहानपणापासून मोरा (उरणचं बंदर) ते भाऊचा धक्का लाँचनं येते-जाते.

लाँचमधल्या काही गोष्टी सांगते. गर्दी असली की लाँची एकमेकींना लावून उभ्या करतात, मग एकीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. दोन्ही खाली-वर होत असतात. आईंनी साडी थोडी आवरून घ्यावी, पिशव्या तुम्ही धराव्यात, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतील. खलाशी हात देतो तेव्हा त्याचं मनगट धरायचं, बोटं नव्हे, आणि तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय उचलायचा. वरच्या मजल्यावर वारा छान असतो, पण जिना उभा आणि अरुंद आहे. आईंना खालीच कडेची जागा द्या. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावा. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची बोट धडकली, तो अपघात आम्ही किनाऱ्यावरची माणसं विसरू शकत नाही.

वाटेत जवाहर द्वीप दिसेल, तिथे तेलाची जहाजं लागतात. पुढे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. १९८९ पासून बरंचसं काम मुंबईच्या गोदीतून तिकडे गेलं.

घारापुरीच्या धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या. डोलीवाले असतात, आईंना संकोच वाटला तरी बसवाच. ती बेटावरच्या माणसांची रोजी आहे. बेटावर कायमची वीज २०१८ मध्ये पोचली, समुद्राखालून केबल टाकून.

मुगाचीखिचडी
सगळं पटलं, पण देवळं काढू नका हो. बाबांना इतिहास आवडतो, आईंना काय आवडतं ते कुणी विचारलंच नाही. सिद्धिविनायकाला मंगळवारी भयंकर रांग असते, म्हणून तो दिवस टाळा. गिरगावात राहताय तर मुंबादेवी जवळ आहे. शहराला नाव दिलं ती देवी, मूळची कोळ्यांची. सोमवारी संध्याकाळी बाणगंगेला जा, वाळकेश्वरला. तळं समुद्राला खेटून, तरी पाणी गोडं. वरच्याच पायरीवर बसलं तरी सगळं दिसतं.

आणि एक सकाळ विनय हेल्थ होमची मिसळ खा, तुमच्या मुक्कामापासून चालत.

बालाघाटी
किती आपुलकीनं लिहिलंत सगळ्यांनी! आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “मुंबादेवी आणि बोट, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.” सिद्धिविनायक पुढच्या खेपेला.

एक शंका. बोट लागेल का तिला? एसटीत लागते.

उरणकरीण
डिसेंबरात बंदरातलं पाणी बहुतेक शांत असतं. रिकाम्या पोटी बसवू नका, पोळी-भाजी थोडी खाऊ द्या. फोनमध्ये बघू नये, लांबच्या डोंगराकडे बघावं. आवळासुपारी जवळ ठेवा.

बालाघाटी
काल परत आलो. आधी उपयोगाचं: डोलीचा दर खालीच, जाऊन-येऊन मिळून ठरवा, आम्ही फक्त जाण्याचा ठरवला होता. उरणकरीणताई, मनगट धरायची युक्ती आईनं पाठ केली होती. परतताना ती दुसऱ्या एका आजींना शिकवत होती. बोट अजिबात लागली नाही.

बाबा संग्रहालयातल्या हत्तीचे सांधे बराच वेळ बघत होते. बेटावर उतरल्यावर पहिला प्रश्न, “तो कुठे उभा होता?” त्रिमूर्तीसमोर मात्र काही बोलले नाहीत. अठरा-वीस फुटांचं ते शिल्प, काळोखातून डोळे सरावल्यावर हळूहळू पुढे येतं. आम्ही खांबाशी बसून राहिलो, तीन घोळके येऊन गेले.

लाँचमध्ये ते कठड्यावरून वाकून पाणी बघत होते. मला म्हणाले, “अरे, हे तर मातकट आहे. मी इतकी वर्षं निळा खडू वापरला.”

गोदीपुत्र, पुढच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जायचंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत चालेल का, की फार तापतं?

गोदीपुत्र
एप्रिलमध्ये या, पण सकाळची लाँच धरा, आणि भरतीची वेळ बघून. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ लागतो, लाँच अडकून पडते. आदल्या दिवशी इथे लिहा, मी धक्क्यावर येतो.