'शॉर्ट सी शिपिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: युरोपात रस्त्यावरचा माल जहाजांकडे कसा वळवतात यावर मराठीत लिहितेय. 'शॉर्ट सी शिपिंग'ला 'किनारी वाहतूक' आणि 'मोटरवेज ऑफ द सी'ला, म्हणजे ट्रकचा माल नेणाऱ्या नियमित जहाजमार्गांना, 'सागरी महामार्ग' केलंय. चालेल का?

उत्तर: 'सागरी महामार्ग' नको, प्लीज. तो शब्द आपल्याकडे आधीच अडकलाय, रेवस ते रेडी कोकण किनाऱ्याने जाणारा रस्ता म्हणजे सागरी महामार्ग, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर डांबर आणि ट्रकच येणार, आणि युरोपियन युनियनने 2001च्या श्वेतपत्रिकेत ही कल्पना आणली तीच मुळी डांबरावरचे ट्रक कमी व्हावेत म्हणून. अर्थ पार उलटा होतो.

'किनारी' म्हटलं की किनारा धरून, आपल्याच देशातल्या या बंदरातून त्या बंदरात असं वाटतं. बार्सिलोनाहून रोमजवळच्या चिवितावेक्कियाला जाणारं जहाज भूमध्य समुद्र आडवा कापत दुसऱ्या देशात जातं, तरी ते शॉर्ट सीच. महासागर ओलांडायचा नाही, आपल्या खंडाच्या आसपासच्या समुद्रातच राहायचं, एवढाच त्या 'शॉर्ट'चा अर्थ. 'लघु' लिहिलंत तर छोटी जहाजं वाटतील. मी 'नजीकची सागरी वाहतूक' लिहीन.

दुसरं उत्तर: 'नजीकची' छान आहे. 'रोरो' (रोल-ऑन रोल-ऑफ, म्हणजे गाडी चाकांवरच आत चढवायची आणि चाकांवरच उतरवायची) मात्र तसाच ठेवा, पण खुलासा टाका. आपल्याकडे 1999पासून कोकण रेल्वेवर ट्रक वॅगनवर चढून जातात ते रोरो आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी बोट तीही रोरो, दोन्हीकडे ड्रायव्हर गाडीबरोबरच असतो. युरोपात कितीतरी वेळा नुसता ट्रेलर जातो. ड्रायव्हर बंदरात ट्रेलर सोडतो आणि घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा इंजिनाचा भाग, घेऊन परत फिरतो, मग बंदरातला बुटका ट्रॅक्टर तो ट्रेलर जहाजाच्या पोटात नेऊन लावतो, खलाशी साखळ्यांनी आवळतात, पलीकडे दुसरा घोडा येऊन उचलतो. खरा फायदा इथेच आहे हो! तिथे ड्रायव्हरला दिवसाला 9 तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा 10, आणि साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबावंच लागतं. बार्सिलोना ते रोम रस्त्याने तेराशे किलोमीटरच्या वर, म्हणजे एकट्या ड्रायव्हरचे दोन दिवस गेलेच; नुसता ट्रेलर जहाजाने गेला की ते वाचतात.

प्रश्न विचारणारी: पटलं, दोन्ही बदलते. मग 'मोटरवेज'ला 'सागरी फेरीमार्ग' कसं वाटतं?

पहिलं उत्तर देणारा: एकदम बरोबर! एसटीची फेरी म्हणतो ना आपण, ठरलेल्या वेळेला सुटणारी, आज चुकली तर उद्या नक्की मिळणारी, ते सगळं त्या शब्दात आहे. फेऱ्या नियमित नसतील तर ट्रकवाला बंदराकडे वळतच नाही. फ्रान्समधल्या नांत–साँ नाझेरहून स्पेनच्या हिहोनला 2010मध्ये अशी लाइन सुरू झाली होती, सरकारी मदत संपल्यावर 2014मध्ये बंद पडली, मला फार वाईट वाटलेलं. उलट ब्रेक्झिटनंतर आयर्लंडच्या रॉसलेअरहून फ्रान्समधल्या डंकर्कला जानेवारी 2021मध्ये थेट फेऱ्या सुरू झाल्या, कारण ब्रिटनमधून ट्रक न्यायचा तर कस्टमचे कागद वाढले होते.

आणि 'मोडल शिफ्ट'ला जड संस्कृत शब्द शोधू नका, 'रस्त्यावरचा माल जहाजावर घालणं' असं सरळ लिहा.