दम्याच्या 'फायलिन' गोळ्या: घरोघरचे अनुभव लिहा

आईला या पावसाळ्यात पुन्हा डेरिफायलिन रिटार्ड, म्हणजे हळूहळू सुटणारी दम्याची गोळी, सुरू झाली. आमचं घर लालबागच्या जुन्या चाळीत. जूनपासून भिंती ओल धरतात आणि तिची छाती घरघरायला लागते. पंप चालूच आहे, गोळी त्याच्या जोडीला. यातलं थिओफायलिन म्हणजे कॅफिनचं सख्खं भावंड. १८८८ साली अल्ब्रेख्त कोसेल यांना ते चहाच्या पानांतच सापडलं. श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू ते सैल करतं. औषध जुनं, स्वस्त. पण लागू पडणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा एकमेकींना अगदी खेटून आहेत. म्हणून लिहा: कशानं बरं वाटलं, कशानं बिघडलं, सोबत आणखी काय चालू होतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शिवडीकर
बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. गोळी बरीच वर्षं चालू, कधी तक्रार नव्हती. नात झाली आणि त्यांनी बिडी एका दिवसात सोडली. घरात सगळे खूश. थोड्याच दिवसांत मळमळ, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आम्हाला वाटलं, तलफ छळतेय. डॉक्टरांनी नाडी धरून पहिलं विचारलं, "काका, बिडी सोडलीत का?" धुरामुळे यकृत हे औषध भराभर मोडून काढतं. धूर थांबला की तोच डोस अंगात साचायला लागतो. रक्तातली पातळी तपासली तर मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे बाधण्याइतकी. डोस उतरवला आणि बाबा शांत झोपायला लागले. बिडी सोडाच, पण सोडताना डॉक्टरांना सांगा, ही कळकळीची विनंती.

औषधवाली, कुर्ला
सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही तिन्ही अँटिबायोटिक्स थिओफायलिनची पातळी वाढवतात. टीबीच्या रिफाम्पिसिननं उलट ती घसरते, धाप परत येते. म्हणून चिठ्ठी हातात घेतली की मी 'दम्याची गोळी चालू आहे का' हे विचारतेच. आणखी एक: रिटार्ड गोळी चावू नका, कुटून दुधातून देऊ नका. तासन् तास हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात उतरतं.

मुलुंडकरीण
मला डेरिफायलिननं हात थरथरायचे. डॉक्टरांनी डॉक्सोफायलिन ४०० दिलं, सकाळ-संध्याकाळ. थरथर गेली, झोपही लागते.

निवृत्त सिस्टर
आमच्या उमेदीच्या काळात धाप लागलेला पेशंट आला की अमिनोफायलिनचं (थिओफायलिनचाच एक प्रकार) इंजेक्शन शिरेतून, अगदी सावकाश. भराभर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडण्याची, झटके येण्याची भीती. त्यामुळे घड्याळावर नजर ठेवून हात चालायचा. आता श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची वाफ आधी देतात, हे फार चांगलं झालं.

दादर पश्चिम
माझ्या बहिणीला कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. दमा समजून गोळ्या सुरू झाल्या, पण काडीचा फरक नाही. शेवटी छातीचा सीटी स्कॅन झाला. निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, कबुतरांच्या विष्ठेनं आणि पिसांनी होणारा. त्यात सूज फुप्फुसांच्या आतल्या भागात असते, नळ्या सैल करून भागत नाही. स्टिरॉइड लागली, बाल्कनीला जाळी लावली. वरच्या मजल्यावरच्या काकू अजून खिडकीत दाणे टाकतात. सोसायटीच्या सभेत हा विषय मी घेतलाय. कुणाच्या सोसायटीत यावर तोडगा निघाला असेल तर कळवा.